फलक रंगवणाऱ्याची बाकी

सातेरी महिला गटानं मला बोलावलं
जांबोटीच्या रस्त्याला, काजूच्या बनाशेजारी,
नव्या पत्र्याच्या शेडवर पाटी हवी म्हणून.
आठ बाय तीन. तळ निळा. अक्षरं पांढरी.
दोनशे आगाऊ, बाकी पाटी चढल्यावर.

माझ्या हाताला दोन्ही लिप्या येतात.
एक दोरीवर वाळत घातलेली,
दुसरी खापराच्या पोटासारखी गोल.
ब्रशला यातली कुठलीच जड जात नाही.
जड जाते ती पाटीची वरची बाजू.

वर कोण, खाली कोण, यावर
बैठक चालली तीन गुरुवार.
पंचायतीचा कागद आला, इंचाइंचाचा हिशेब मांडलेला.
गावडू मास्तर म्हणाले, आपलं अक्षर खाली गेलं
तर मी या शेडची पायरी चढणार नाही.
निंगव्वा म्हणाली, मास्तर, तुम्हाला साखर आहे,
तुम्ही तसंही चढू नका.

मी आपला पत्रा घासत बसलो.
आत भरमाक्का कणीक तिंबत होती,
परातीत आपटून, तेल लावून, पुन्हा आपटून,
जसं काही तिचं कुणाशी जुनं भांडण आहे.
पोटात पिठीसाखर, खसखस, वेलची भरून
उंडा आला तळहातावर,
तळहातावरून मनगटावर,
मनगटावरून कोपरापर्यंत.
वाढतच गेला मांडा.
त्याच्यातून पलीकडची चूल दिसाय लागली,
चुलीपलीकडची निंगव्वा,
निंगव्वापलीकडचा रस्ता.
उलट्या खापरावर पडला, दोन श्वास,
आणि लगेच घडी,
पत्राची घालतात तशी.
'गरम आहे तोवरच दुमडतोय बघा,' भरमाक्का म्हणाली,
'गार झाला की मोडतोय.'
वाटलं, हे बैठकीत सांगावं.
नाही सांगितलं. मी रोजंदारीचा माणूस.

पाटी कोरी होती तरी गाड्या थांबाय लागल्या,
गोव्याच्या, पुण्याच्या, हुबळीच्या.
एकानं विचारलं, ही रुमाली रोटी का?
एक बाई म्हणाली, जरा सावकाश करा ना, व्हिडिओ घेते.
'सावकाश केलं की फाटतंय हो.'

आधी मांडे म्हणजे लग्न.
विहिणीच्या पंगतीत मांडा फाटला
तर तीन वर्षं बोलणी खायची.
आता रोज बारा ते पाच लग्न,
आणि नवरी कुठंच नाही.
भरमाक्काच्या कोपराखाली भाजल्याचे डाग,
जुने कुठले, या आठवड्यातले कुठले, ओळखू येतात.
पण परवा तिनं धाकटीची नर्सिंगची फी भरली,
नोटा टेबलावर मोजून,
मग कारकुनाला पुन्हा मोजायला लावून.

बैलहोंगलचा कंडक्टर आता वळणावर ओरडतो,
'मंडिगे! मंडिगे यारू?'
उतरणारे म्हणतात, हां, मांड्याजवळच.
दोघांनाही एकच जागा कळते.
गावाचं नाव कुणी घेत नाही.
परवा मास्तरही फोनवर पाहुण्याला सांगत होते,
मांड्याच्या अलीकडं, डाव्या हाताचं घर.

पाटी शेवटी चढली.
वर काय लिहिलंय ते सांगत नाही, जाऊन बघा.
बाकीचे साडेतीनशे अजून यायचेत.
तूर्त सहा मांड्यांचं पुडकं मिळालं.
घरी सोडलं तर एकाच्या घडीवर
माझ्याच अंगठ्याचा निळा ठसा.
तेवढा तुकडा मोडून टाकला,
उरलेला खाल्ला.

वळणावर मैलाचा दगड आहे,
त्याच्यावर गावाचं नाव होतं.
अर्धं उडालंय, अर्ध्यावर गवत.
ते रंगवायला अजून कुणी बोलावलं नाही.